वरचं काहीही ऐकू न येणारं यंत्र

“लिही,” ऑब्री थर्टल म्हणाले, “नॉरफक परगण्यात जमिनीखाली घडलेल्या गुन्ह्यांचा एकमेव शोधक. जगाला जे दिसत नाही, ते ज्याला ऐकू येतं, असा माणूस.”

लिहिलं. माझं काय जातंय? मी क्लेमंट पास्क, त्यांचा सहायक. म्हणजे फावडं माझं, थर्मास माझा, गाडी माझी, पेट्रोलही माझंच. बुद्धी तेवढी साहेबांची.

दर रविवारी आम्ही मेटल डिटेक्टर घेऊन वावरं पालथी घालतो. रोमन नाणं सापडावं अशी इच्छा असते. सापडते बिअरच्या कॅनची कडी. मग आणखी एक कडी. मग चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी. वर्षानुवर्षं साहेब यंत्र बनवणाऱ्या कंपनीला कळवत होते, की असं एक बटण द्या, ज्याने यंत्र वरवरचा कचरा ऐकणारच नाही. कडी सापडली तर ती फेकणाऱ्याचा पत्ता यंत्राने सांगावा, असंही एकदा सुचवून झालं. कंपनीने आभार मानले. सभ्य माणसं असावीत बिचारी. शेवटी साहेबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र उघडलं आणि स्वतःच बटण बसवलं. ते दाबलं की वीतभर खोलीपर्यंतचं काही म्हणजे काही यंत्राला ऐकू येत नाही.

“शांतता, पास्क! ऐक ही शांतता!”

ऐकली. बंद यंत्रातूनही अगदी तश्शीच येते.

तर त्या रविवारी क्वांट्रिलबाईंनी आम्हाला फाटकातच गाठलं. शेत त्यांचं, आणि आम्हाला आत सोडणारं आसपास दुसरं शेत नाही. त्यांच्या वासराच्या पोटात एकदा तार गेली होती, तेव्हापासून त्यांचा एकच नियम: जमिनीतून निघालेला सगळा कचरा बादलीत भरून दारात आणून दाखवायचा. पण आज नियम सांगायच्या आधीच त्यांनी उघडा हात पुढे केला.

“अहो, माझी अंगठी गेली हो. रूबेनने लग्नात घातलेली. काल कुत्र्याला चेंडू टाकत होते, हातमोजा काढला, आणि घरी येऊन बघते तर बोट मोकळं. तो गेल्यापासून बोटंच वाळली मेली. आणि पाऊस यायच्या आत नांगरायचं म्हणून उद्या सकाळी शेजारचा गॅदरकोल ट्रॅक्टर घालणार. एकदा नांगर फिरला की संपलंच ना सगळं.”

मला खरंच फार वाईट वाटलं. साहेबांना आनंद झाला.

“केस!” ते म्हणाले.

“बाई, चेंडू टाकताना उभ्या कुठे होता?” मी विचारलं.

“इथून त्या ओकच्या झाडापर्यंत, धसकटांतून फिरत होते.”

“पास्क, बाळबोध प्रश्न विचारू नकोस. पहिला संशयित, कुत्रा. गिळली असणार.”

साहेबांनी बटण दाबलं आणि यंत्र कुत्र्याच्या नाकापासून शेपटीपर्यंत फिरवलं. कुत्र्याला गंमत वाटली. यंत्र गप्प.

“निर्दोष!”

“साहेब, त्याच्या गळपट्ट्याचं पितळी बक्कलसुद्धा यंत्राला ऐकू आलं नाही.”

“कारण ते वरवरचं आहे. तू म्हणजे ना, पास्क!”

दुसरा संशयित डोमकावळा. त्याचं घरटं ओकच्या शेंड्यावर होतं आणि साहेबांना उंचीची भीती, त्यामुळे कावळाही निर्दोष सुटला. उरला गॅदरकोल.

“विचार कर. नांगर कोण घालणार? गॅदरकोल. पुरावा कशाने नष्ट होणार? नांगराने. अंगठी त्याने चोरली आणि खोल पुरली. चोर कधी वरवर पुरत नाही.”

“साहेब, अंगठी काल पडली. पडलेली वस्तू वरच असते.”

“म्हणूनच तू सहायक आहेस,” ते म्हणाले आणि वरचं सगळं सोडून पाताळ ऐकायला निघाले.

माझं यंत्र जुनं. समोर येईल त्यावर भुंकतं. मी झाडाकडे निघालो आणि मुकाट्याने उकरत राहिलो: कडी, चांदी, कडी, खिळा. ओकच्या अलीकडे बुटाच्या ठशात पुन्हा तसाच आवाज आला आणि चिखलाचं ढेकूळ हाती लागलं. आता गोची अशी, की सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी यंत्रात एकाच सुरात गातात. मी ढेकूळ फोडणार, तेवढ्यात साहेब आले. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, कानाशी धरलं (कशासाठी, देव जाणे) आणि म्हणाले, “कडी. वरच्या वर मिळाली ना? मग कडीच. वेळ घालवू नकोस, तिकडे खोलातून आवाज आलाय, मला फावडं हवंय.” ढेकूळ त्यांनी स्वतः बादलीत भिरकावलं.

फावडं त्यांना हवं होतं, म्हणजे खणायचं मी. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा नांगराचा गंजका फाळ निघाला. नेमका त्याच वेळी गॅदरकोल शेत बघायला आला.

“अरेच्चा! हा तर आमचाच!” तो हरखला. “इथं नांगरताना हा हरवला म्हणून बापाने मला बडवला होता.”

“कबुलीजबाब!” साहेब ओरडले. “पास्क, धर त्याला!”

मी खड्ड्यात. गॅदरकोल दारासारखा रुंद. त्यानेच मला हात देऊन बाहेर काढलं आणि विचारलं, “हे नेहमी असंच बोलतात का हो?”

दिवस कलला तसे आम्ही बादली घेऊन बाईंच्या दारात गेलो. गॅदरकोलही फाळ मिरवत मागे आला. बाईंनी आमच्या तोंडाकडे पाहिलं. नेहमीप्रमाणे बादली फरशीवर ओतली आणि कचऱ्यावर पाइपने पाणी सोडलं. कड्या चमकल्या, चांदी चमकली, ढेकूळ विरघळलं. बाईंचा हात थांबला.

त्या खाली बसल्या. अंगठी उचलली, बोटात घातली, गालाशी धरली आणि आमच्यासमोर ढसाढसा रडल्या. गॅदरकोलने टोपी काढली. मलाही राहवलं नाही.

साहेबांनी घसा साफ केला. “मी ती सकाळीच सुरक्षित जागी हलवली होती.”

“तुम्ही तिला कडी म्हणालात,” मी म्हटलं.

“गुप्तता, पास्क.”

बाईंनी डोळे पुसले. “हा सगळा पास्कचा कचरा झाला. तुमचा कुठाय?”

“माझं यंत्र कचऱ्याकडे लक्षच देत नाही, बाई.”

“म्हणजे तो माझ्या शेतातच राहिला?”

साहेबांच्या यंत्रातून येते तशी शांतता पसरली. आता हे शेतही गेलं, असं मी धरून चाललो.

“रूबेनचंही हेच,” बाई म्हणाल्या. “ताटाशेजारचं मीठ त्याला दिसायचं नाही आणि गोष्टी करायचा रोमन लोकांच्या. त्याच्याशी संसार केला मी, तर तुम्हाला काय हाकलणार! या पुढच्या रविवारी. पण ते यंत्र गाडीत राहील. तुम्ही पास्कचं घ्यायचं, आणि भरलेली बादली दाखवल्याशिवाय चहा मिळणार नाही.”

पुढच्या रविवारी साहेब नांगरलेल्या शेतात वाकून कड्या उकरत होते आणि मी बाईंच्या पायरीवर बसून केक खात होतो.

“पास्क!” लांबून हाक आली. “लिही! यंत्राला आणखी एक बटण हवं!”

“बोलावतायत वाटतं तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

“मला नाही बुवा ऐकू आलं,” म्हणत मी कप पुढे केला. बाईंनी अंगठीच्या हाताने किटली उचलली आणि तो काठोकाठ भरला.