पडद्याआडचा धीर

बाळंतपणाच्या वेळी आत आपणच असणार, हे पडदेवाल्यानं आठव्या महिन्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. दवाखान्याचा नियम होता की लेबर रूममध्ये बाईसोबत घरचं एकच माणूस. आता एकच माणूस म्हटल्यावर नवऱ्याशिवाय दुसरं कोण असणार? ज्याच्या घरी पडदे लावायला जाई त्याला तो शिडीवरून, तोंडात हुक धरून ऐकवी, की बाहेर फेऱ्या मारणाऱ्या नवऱ्यांतला मी नव्हे, बायकोचा हात माझ्याच हातात असेल. गिऱ्हाइकांना पडदा सरळ लागण्याशी मतलब असे, पण ती मान डोलवत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आत कोण थांबणार?"

पडदेवाला घसा साफ करेपर्यंत बायको म्हणाली, "माझी नणंद."

नणंद म्हणजे पडदेवाल्याची थोरली बहीण. ताई बसमध्ये कंडक्टर होती, आणि तिच्या एका हाकेसरशी भरलेली बस मागे सरकत असे. आमच्याकडे नणंद-भावजय सख्ख्या बहिणींसारख्या आहेत हो, असं हाच गृहस्थ चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. आता ती छाती कुठं ठेवावी ते त्याला कळेना.

घरी येताना त्यानं कारण विचारलं. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही आत आलात तर मला तुमच्याकडेच बघत बसावं लागेल. तुम्हाला शिवताना सुई टोचली तरी अख्ख्या गल्लीला कळतं."

हे खरं होतं, त्यामुळे जास्तच लागलं. त्याला हेवा वाटायला लागला, आणि तोही सख्ख्या बहिणीचा. त्यानं बायकोचे पाय चेपायला घ्यावेत, तर ताईनं आधीच पाय वर ठेवायला स्टूल आणून दिलेलं. कळा सोसवल्या नाहीत तर कमरेत इंजेक्शन घ्यायचं का, यावर चार जणांना विचारून तो एक भलंमोठं भाषण तयार करून आला, तर बायको म्हणाली, "ठरलं ते. ताईंशी बोलले, डॉक्टरीणबाईंशीही बोलले. आधी सोसून बघणार, नाहीच जमलं तर घेणार." भाषण तसंच घशात राहिलं. ताई मटार सोलत म्हणाली, "तुला काही विचारायचं होतं का रे?" तो म्हणाला, नाही. आणि आत जाऊन त्यानं एका गिऱ्हाइकाची झालर उलटी शिवली.

अशात दवाखान्याच्या खर्चाचं बोलायला तो मॅनेजरकडे गेला. वेगळी खोली घ्यायची तर आकडा ऐकून बसायलाच खुर्ची लागत होती. पण त्याचं लक्ष मॅनेजरच्या पाठीमागच्या विटक्या, फाटक्या पडद्याकडे गेलं आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. सौदा असा ठरला, की बाळंतपणाच्या मजल्याचे सगळे पडदे यानं करून द्यायचे आणि खोलीचं भाडं त्यात वळतं करायचं. लेबर रूममध्ये दोन खाटा होत्या, एक दाराकडे, एक खिडकीकडे, आणि दोन्हींना चारी बाजूंनी पडदा हवा होता. "असं जाड कापड लावतो," पडदेवाला म्हणाला, "पलीकडे कुणी खोकलं तरी अलीकडे कळायचं नाही."

खाली उतरताना जिन्यातच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. नातेवाईक एकच आत जाऊ शकतो, पण कारागिराला कोण अडवणार?

त्यानं सगळे पडदे झटपट लावले. फक्त खिडकीकडच्या खाटेच्या पडद्याचे शेवटचे हुक लावले नाहीत. पडदा ओढला की कडेला वीतभर फट राहायची. मॅनेजर रोज विचारायचा आणि हा रोज सांगायचा, हुक यायचेत. हुक त्याच्या खिशातच होते.

एका दुपारी ताईचा फोन आला. "आम्ही दवाखान्यात आहोत. खिडकीकडची खाट मिळालीय. तू खाली बस, काय ते मी सांगते."

खाली बसायला तो काय वेडा होता? शिडी खांद्यावर टाकून तो धावत सुटला.

तेवढ्या वेळात वर काय झालं, ते त्याला कळायला मार्ग नव्हता. ताईनं ती फट बघितली आणि सिस्टरला म्हणाली, हा पडदा कुण्या आळशानं लावलाय, आम्हाला दुसरी खाट द्या. बायकोची खाट बदलली. पाठोपाठ एक परकी बाई आली, तिला खिडकीकडची खाट मिळाली. तिच्यासोबतची मावशी खाली काउंटरवर पैसे भरायच्या रांगेत अडकली होती.

दारावरच्या सिस्टरला हुकांची मूठ दाखवून पडदेवाला आत घुसला आणि खिडकीकडच्या खाटेपाशी शिडी लावली. पडद्याच्या आत डॉक्टरीणबाई होत्या. बाहेर, त्या फटीतून, एक हात हवेत काहीतरी शोधत होता. बांगड्या काढलेला, घामेजलेला. पडदेवाल्याचे डोळे भरून आले. बायकोचा हात त्यानं लाखांत ओळखला असता. त्यानं तो घट्ट धरला, आणि त्या हातानं त्याची बोटं अशी आवळली की डोळ्यांत आलेलं पाणी गालांवर उतरलं.

"घाबरू नकोस, मी आहे," तो पडद्याला म्हणाला. "ताईला जमतं ते मला जमत नाही, कबूल. मी जळतो गं तिच्यावर. पण दुकान बंद करताना माझ्या डोक्यात एकच असतं, दारात तुझ्या चपला दिसतील ना? तू दोन दिवस कुठं गेलीस तर मी चहासुद्धा करत नाही. एकट्यासाठी भांडं खाली काढवत नाही मला."

हातानं आणखी जोर केला. ताईचा आवाज कुठंच येत नव्हता. तिला बाहेर काढलं असणार, या विचारानं त्याला फार बरं वाटलं.

तेवढ्यात दाराकडच्या खाटेवरून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"बघ," पडदेवाला म्हणाला, "शेजारणीचं झालंसुद्धा. लोकांचं काही का होईना, तू घाई करू नकोस."

थोड्या वेळानं इकडेही रडणं उमटलं आणि पडदेवाला त्याहून मोठ्यानं रडायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पडदा सारला. खाटेवर एक अनोळखी बाई होती. मागून पावती घेऊन धापा टाकत मावशी आली आणि म्हणाली, "हे कोण?"

"कोण का असेनात," ती बाई क्षीण आवाजात म्हणाली, "फार चांगले आहेत."

मग पहिलं रडणं कुणाचं होतं, हे पडदेवाल्याच्या ध्यानात आलं आणि तो शिडी तिथंच टाकून दाराकडच्या खाटेकडे धावला. बायको पडून होती. ताईच्या मांडीवर मुलगी होती. ताईचे डोळे लाल झाले होते आणि ती बोलत नव्हती, हे त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"आलात?" बायको म्हणाली. "लोकांचं आटोपलं वाटतं."

"तुला ऐकू आलं?"

"सगळं. ताई हाक मारणार होत्या तुम्हाला. मीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला, म्हटलं पुढं काय म्हणतात ते ऐकू दे." तिचा आवाज जरा कापला. "इतक्या वर्षांत मला कधी म्हणालात असं? त्या बाईला बरं सुचलं सगळं."

आता हेवा कुणाला वाटत होता, ते सांगायला नको. पडदेवाल्यानं पोरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. चुकून का होईना, पहिलं रडणं त्यानं ऐकलं होतं, आणि लोकांचं म्हणून सोडून दिलं होतं.

"म्हणा ना आता," बायको म्हणाली. "माझा हात धरून म्हणा."

त्यानं ताईकडे बघितलं. ताई पोरीला घेऊन निमूटपणे बाहेर गेली. पडदेवाल्यानं आपला जाड पडदा नीट ओढून घेतला, बायकोचा हात हातात घेतला आणि चपलांचं, चहाचं, सगळं पुन्हा म्हटलं. मध्येच अडखळला, एक वाक्य विसरला, पण म्हटलं.

बायको काही बोलायच्या आत पडद्यापलीकडून क्षीण आवाज आला.

"दादा, भांड्याचं राहिलं."