बाबांचं काय ते ठरू दे

"काढू का?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याचा अंगठा मोबाइलच्या काचेवर अधांतरी थांबला होता.

"हळू बोला," बायको म्हणाली आणि तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

आतल्या खोलीत चष्मेवाल्याचे बाबा पडून होते. उभा जन्म बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, पण छातीत पाणी झाल्यापासून त्यांनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टर एक दिवसाआड येत, नाडी बघत, "आज बरं आहे, उद्याचं उद्या बघू," म्हणत आणि बूट घालून चालू लागत. त्यामुळे घरात उद्याच्या पलीकडचं काही ठरतच नव्हतं. चष्मेवाल्याने आपल्या चष्म्यांच्या दुकानाला रंग द्यायचं पुढे ढकललं होतं. बायकोने केससुद्धा कापून घेतले नव्हते.

अशात दूरच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या जादूगाराने आपला अखेरचा प्रयोग जाहीर केला. बायकोने लहानपणी आपल्या वडिलांच्या मांडीवर बसून त्याला पाहिलं होतं. त्याने भर रंगमंचावरून अख्खा घोडा नाहीसा केला होता, आणि वडील घरी येईपर्यंत "गेला कुठे, गेला कुठे" करत हसत होते. वडिलांना इतकं हसताना तिने पुन्हा कधी पाहिलं नाही. आता ती एका दंतवैद्याकडे कवळ्या बनवायची. दिवसभर समोर हसरे दात, पण स्वतः मात्र गप्प. लग्नानंतर तिने कधी कशाचा हट्ट धरला नव्हता, म्हणून तिने "जाऊ या का?" असं विचारल्यावर चष्मेवाला घाबरलाच.

"एकदा काढलेलं तिकीट परत घेत नाहीत म्हणे," तो म्हणाला. "आणि राहिलेल्या जागा भराभर संपताहेत. आता नीट विचार करू. बाबा बरे झाले, तर आपण जाऊ. असेच राहिले, तर ताई येऊन बसेल. आणि समजा..."

"समजा काय?"

"म्हणजे झालंच काही, तर ते कधी होतं त्यावर आहे. लवकर झालं तर तोवर आपण जरा सावरलेले असू. पण ऐन त्याच आठवड्यात झालं, तर मग अवघड आहे."

"अहो! काहीतरीच काय!"

"अगं, मी फक्त सगळ्या बाजूंनी बघतोय. माझं म्हणणं, बाबांचं काय ते ठरू दे, मग काढू."

नेमकी त्याच वेळी ताई दारातून आत आली. ताई म्हणजे चष्मेवाल्याची थोरली बहीण. बाबा आजारी पडल्यापासून ती घरात शिरतानाच डोळ्यांना रुमाल लावून शिरायची.

"बाप असा पडलाय आणि तुम्हाला जादू सुचतेय?"

"अगं ताई, अजून काढली नाहीत तिकिटं."

"का नाही काढली?" ताईचा रुमाल खाली आला. "म्हणजे तोवर बाबा राहत नाहीत असं धरून चाललायस तू?"

"बरं, काढतो."

"काढ, काढ! बाबांचं काही का होईना, तुमची मजा चुकायला नको!"

चष्मेवाल्याने अंगठा पुढे नेला, मागे घेतला, पुन्हा पुढे नेला.

"तारीख कोणती?" आतून आवाज आला.

बंदरावरच्या भोंग्यांना पुरून उरलेला आवाज तो. आजारानेही त्याचं फारसं काही बिघडवलं नव्हतं. तिघंही अपराध्यासारखी खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्ही जागे आहात?"

"खालची माणसं काय बडबडतात ते वर बसून ऐकण्यातच माझी नोकरी गेली. तारीख सांग."

चष्मेवाल्याने तारीख सांगितली. बाबांनी छताकडे बघत बराच वेळ विचार केला.

"तोवर धरवेल की नाही, सांगता येत नाही बुवा. आधी आटपलं तर चालेल?"

"काही घाई नाही, बाबा!" तिघं एकदम म्हणाली. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन ताईने रुमाल गच्च तोंडावर धरला.

"सूनबाई, तुला जायचंय ना?"

"नाही हो बाबा. सहज आपलं."

"मग चार काढा. मीही येतो. मी बरोबर असलो म्हणजे मागे राहिलेल्या बाबांची काळजी नको."

त्यांच्यापुढे नाही म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. चष्मेवाल्याने घाबरून चार तिकिटं काढली.

तेव्हापासून घराला नवाच घोर लागला. बाबा नको असलेला घाससुद्धा गिळू लागले. भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, "औषध लागू पडलेलं दिसतंय," आणि तेच औषध चालू ठेवलं. पण बाबांना जरा ठसका लागला की ताई ओरडायची, "बाबा, सांभाळा हं, तिकिटं काढलीत!" शेवटी बाबा उशीत तोंड खुपसून खोकायला लागले. एकदा सुनेने ते पाहिलं. त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता.

"बाबा, मोकळेपणाने खोका. तिकिटं गेली तर गेली."

"गेली तर गेली काय!" बाबा धापा टाकत म्हणाले. "अगं, इतके दिवस तुम्ही सगळे माझ्या उशाशी बसून वाटच बघत होतात. पण ती वाट वेगळी होती. आता निदान मी सोबत असण्याची तरी बघताय."

तिने उशीचा अभ्रा बदलला आणि ती कामावर गेली.

आठवड्यावर प्रयोग आला असताना चष्मेवाला सकाळी मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जादूगार गेला."

"कुठे?"

"गेला म्हणजे वारला. झोपेत."

बायको ओट्याला टेकून उभी राहिली. ताई आली, रडली, आणि मग तिघांची बैठक बसली. बाबांना सांगायचं कसं? प्रयोगासाठीच तग धरून राहिलेला माणूस. हे कळल्यावर त्यांचं काय होईल? शेवटी बायकोच आत गेली. तिने त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं.

"काय वय होतं?" बाबांनी विचारलं.

"तुमच्याहून लहान होते."

"मग तिकिटं विकण्याआधी त्याने डॉक्टरला विचारायला हवं होतं," बाबा म्हणाले. नंतर दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

संध्याकाळी नाट्यगृहाकडून निरोप आला. त्याच दिवशी, त्याच वेळी शोकसभा आहे. तीच तिकिटं चालतील.

"आता जायचं की नाही?" चष्मेवाल्याने पुन्हा डोकं धरलं. "जादू असती तर गोष्ट वेगळी. शोकासाठी एवढा प्रवास..."

"माझा कोट कुठे आहे?" आतून आवाज आला.

चौघं गेली. ताईजवळ औषधांची पिशवी होती. चाकाची खुर्ची ढकलून चष्मेवाल्याच्या हाताला फोड आले. गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि बाहेर दिसेल ते मोठ्याने वाचत राहिले.

नाट्यगृह गच्च भरलं होतं. तिकीट परत घेत नसल्यामुळे सगळेच आले होते. बंद पडद्यापुढे जादूगाराची तसबीर होती. भाषणं झाली, त्याच्या जुन्या मदतनीस बाईंना बोलता बोलता रडू फुटलं. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "सभा संपली," आणि पायऱ्या उतरून निघून गेले.

कुणीही उठलं नाही.

"चल, गाडी चुकेल," चष्मेवाला कुजबुजला.

"थांबा ना जरा," बायको पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. आजूबाजूला सगळे तिकडेच बघत होते. शेजारचे एक गृहस्थ तर खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. सगळे वाट बघत होते.

पडदा हलला. सगळ्या नाट्यगृहाने एकदम श्वास रोखला.

झाडू आणि बादली घेऊन एक सफाईवाला बाहेर आला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होते. बायको वाजवत होती, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला एक हात सोडवावा लागला असता, म्हणून तिने ते वाहू दिलं. सफाईवाल्याने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्याने बादली खाली ठेवली, झाडू छातीशी धरला आणि जरा संकोचत वाकून नमस्कार केला.

टाळ्या थांबेनात. चष्मेवाल्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं, आणि मोबाइल खिशात टाकून तोही वाजवू लागला.