हौसाआजीच्या मेणबत्त्या

आखातातल्या आमच्या खलिफा सिटीत कुणी सुट्टीवर गावी निघालं की त्याची बॅग भरून होण्याआधी हौसाआजीला बातमी लागते. माणूस खजूर, अत्तर, दूध पावडर आणि एक जाडजूड ब्लँकेट कोंबत असतो, तेवढ्यात ही दारात हजर. हातात लाल काचेच्या, झाकणाच्या दोन मेणबत्त्या. "कोल्हापुरात गोऱ्यांच्या मसणवटीत लावायच्या. कुठल्या बी दोन कबरींवर लाव, पर सांजच्याला लाव," असं म्हणायचं आणि ब्लँकेट स्वतःच उपसून मेणबत्त्यांना जागा करायची. जाणारा नांदेडचा असला तरी तिला फरक पडत नाही. महाराष्ट्रातल्या सगळ्या वाटा कोल्हापुरावरूनच जातात, अशी तिची समजूत आहे.

हौसाआजी म्हणजे आमच्या शेजारच्या व्हिलातल्या सुभाषरावांची आई. वय नव्वदीच्या घरात. नऊवारी लुगडं, पायांत करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला, पांढरा शुभ्र अंबाडा आणि निळे डोळे. मूळची ती पोलंडची हालिना. महायुद्धात रशियन सैनिकांनी तिला, तिच्या आईला आणि मावशीला घरातून उचलून मालगाडीत कोंबलं, तेव्हा ही पाच-सहा वर्षांची होती. मावशीचं बोट धरून इराण, कराची करत पोरगी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत येऊन पडली. आई त्याच काळात गेली. युद्ध संपल्यावर छावणीतली माणसं जगभर पांगली. मावशी शिवणकाम करत काही वर्षं कोल्हापुरात राहिली आणि मग इंग्लंडला गेली. तोवर हालिनाने उद्यमनगरच्या कारखान्यातल्या एका टर्नरशी लग्न केलं होतं. सासूने तिचं नाव ठेवलं हौसा.

आता ही गोरीपान बाई तोंड उघडते आणि आतून अस्सल कोल्हापूर बाहेर पडतं. मी सांगलीची, त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. मी दिलेला रस्सा तिने बोटाने चाखला आणि म्हणाली, "तुमच्या सांगलीत मिरची इकत घ्यायला लागतीया काय?" दुसऱ्या दिवशी स्वतः कांडलेली चटणी घेऊन आली. ती खाऊन माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

तिच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे जिवाला घोर. इथल्या दुकानदारांना गोरी बाई दिसली की ती रशियनच वाटते. एकाने अगदी लाघवीपणाने विचारलं, "मॅडम, रशियन?" आजी थांबली. "रशियन तुजा बा," ती म्हणाली, आणि लुगड्याचा ओचा सावरत पुढे गेली. तो बिचारा मला विचारत राहिला की ही कुठली भाषा.

दुसरी खोड रांगेची. रांग दिसली की आजी आधी उभी राहते आणि तिथे काय मिळतंय ते नंतर विचारते. हायपरमार्केटात एकदा अशीच अर्धा तास उभी राहिली. पुढे गेल्यावर नर्सने तिचं बोट टोचलं, कारण ती फुकट साखर तपासण्याची रांग होती. "द्यायचं सोडून घ्यायलीत की भाडखाऊ," असं पुटपुटत ती परत आली. मी हसले. मग तिने, रशियात असताना रांगेतून सुटलेल्या माणसाला त्या दिवशी पाव मिळत नसे, हे इतक्या सहज सांगितलं की माझं हसू तोंडातच राहिलं.

आमच्या या आखीवरेखीव वस्तीला ती "कॅम्प" म्हणते. भिंती, गेट, गेटावर वॉचमन, बाहेर वाळू. "ह्यो कॅम्प बरा हाय. मशिनीचं गार वारं लागतंय. पर सोडत्यात कवा, ते कुणी सांगत न्हाई."

यातला कडूपणा कुठून आला, ते उघड आहे. सुभाषराव तिला 'दोन महिने राहायला' म्हणून घेऊन आले. ती इथे असतानाच त्यांनी कोल्हापूरचं घर विकलं. तिला कळलं ते एका शेजारणीच्या फोनवरून. सुभाषराव वाईट माणूस नाहीत. कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यात दिवसभर उन्हात करपतात. मला म्हणाले, "वहिनी, नव्वदीच्या बाईला तिथे एकटं ठेवू? सकाळी दार उघडलं नाही तर मला इथे कोण सांगणार?" त्यांचं चूक नव्हतं, म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला. आजीने एकदाच विषय काढला, भर जेवणात. "पयल्यांदा परक्यांनी हाकललं. आता पोटच्या पोरानं हाकललं, ते बी इमानात बशिवून." नातू म्हणाला, "आजी, प्लीज, नॉट अगेन." सुभाषराव मान खाली घालून जेवत राहिले.

कोल्हापुरात असताना दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ती गोऱ्यांच्या मसणवटीतल्या कबरींवर मेणबत्त्या लावायची. तो पोलंडमध्ये मेलेल्यांचा दिवस, आपल्या सर्वपित्रीसारखा. घरच्यांची समजूत अशी की तिथे तिची आई आहे. इथे आल्यापासून मेणबत्त्या लोकांच्या बॅगांतून जाऊ लागल्या. त्या लागतात की नाही, एवढा एकच घोर तिला होता. घर गेल्याचं दुःख तिने गिळलं, पण प्रत्येक परतणाऱ्याला ती दारातच विचारायची, "लावली न्हवं?" सगळे हो म्हणायचे.

या वर्षी सुभाषरावांचा फोरमन रमेश दिवाळीला गावी गेला. हुशार गडी, आल्यावर त्याने पुरावाच दाखवला. मोबाइलवर फोटो, संध्याकाळचा उजेड, पेटलेली लाल मेणबत्ती. आजीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"मसणात तुळस कुठनं आली रं?"

मेणबत्तीच्या मागे वृंदावनाचा रंगवलेला कोपरा दिसत होता. रमेश साताऱ्याकडचा. त्याने घरच्या अंगणातच काम उरकलं होतं. "आजी, टाइमच नाय भेटला," तो म्हणाला. मला वाटलं, आता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. तिने मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "खलास," एवढंच म्हणाली. इथल्या अरबांच्या तोंडचा, 'झालं, पुरे' अशा अर्थाचा हा एकच शब्द तिने उचललेला आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला दुपारी ती माझ्या दारात आली. पिशवीत उरलेल्या मेणबत्त्या.

"हितं परमुलखातली माणसं मेली तर कुठं पुरत्यात?"

मी गाडी काढली. शहराबाहेर परदेशी लोकांची दफनभूमी आहे. गेटावरच्या पठाण वॉचमनने लुगड्यातली गोरी म्हातारी पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाच बजे बंद, अम्मा." आत वाळूत सरळ ओळी. काहींवर प्लॅस्टिकची फुलं, काहींवर नुसते नंबर. केरळचे, फिलिपाइन्सचे, कुठले कुठले. नोकरीला आले आणि इथेच राहिले.

आजीने फुलं नसलेली कबर शोधली, माझा हात धरून खाली बसली, वाळू सारखी केली आणि मेणबत्ती पेटवली. वाऱ्याने विझेल म्हणून वर झाकण ठेवलं.

"आजी, हा कोण?"

"मला काय ठावं."

"मग कोल्हापुरात? तिथे तुमची आई आहे ना?"

"तिथं माजं कोण बी न्हाई," ती म्हणाली. "आई तिकडं उझबेकिस्तानात हाय. आगगाडीच्या रुळाच्या कडंला. ताप आला, गेली. खाली उतरवली आन् गाडी चालू केली. कुणी माती घातली, घातली का न्हाई, मी बघितलंच न्हाई."

इतकी वर्षं सगळ्यांना वाटायचं, म्हातारी आईला दिवा लावते.

"म्हनून दुसऱ्यांना लावतो मी," ती म्हणाली. "आपुन कुणाच्या तरी माणसाला लावली, तर तिकडं कुणी तरी आपल्या माणसाला लावतंय. तिकडं बी बायका असत्यातच की." मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला काय वाटतंय? लावत असतील?"

"लावत असतील की, आजी."

"खोटं बोलतीयास," ती म्हणाली. "पर बोल."

आणि पिशवीतली दुसरी मेणबत्ती काढून ती पलीकडच्या कबरीकडे सरकली.