धाबळी, धुकं आणि जीरावण

नवऱ्याचं पोट एका हिवाळ्यात उतरवून दाखवीन, असं मी कारखान्याच्या डॉक्टरांना तोंडावर सांगून आले होते. बी.एस्सी.ला माझा विषय प्राणिशास्त्र. बेडकाचं पोट उघडलं होतं, मग माणसाचं उतरवायला असं काय लागतं?

झालं असं की, हे देवासच्या ज्या कारखान्यात नोकरीला आहेत, तिथे दिवाळीनंतर तपासणीचं शिबिर लागलं. बायकांनाही बोलावलं होतं. डॉक्टरांनी यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळायला घेतला आणि टेपच पुरेना.

"देखिए मॅडम," डॉक्टर म्हणाले, "पेट, बीपी, शुगर, खून की चर्बी, सब थोड़ा-थोड़ा बढ़ा है. अलग-अलग देखो तो कुछ नहीं, साथ में गिरोह है. मेटाबॉलिक सिंड्रोम. दवाई बाद में, पहले रहन-सहन बदलो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझे सासरे याच कारखान्यात होते. पन्नाशीही गाठली नव्हती, तेव्हा एका संध्याकाळी खुर्चीत बसल्याबसल्या गेले. सासूबाई सांगतात, हातातला चहा अजून गरम होता. बैठकीत त्यांचा फोटो आहे. तीच हनुवटी, तेच पोट. हल्ली हे रविवारी त्याच खुर्चीत डोळे मिटून पडले की मी लेकीला, किमयाला, हळूच म्हणते, "जा गं, बाबांना हाक मार." ते 'हं' म्हणेपर्यंत माझा श्वास अडकलेला असतो.

तर मी कंबर कसली. पहिल्यांदा शेवेचा डबा घराबाहेर गेला. माळव्यात डाळीवर शेव, भाजीवर शेव. आमच्याकडे तर आजारी माणसाच्या पेजेवरही पडायची. मग कचोरी गेली, साखर गेली, लोणचं वरच्या फळीवर गेलं. आणि रोज पहाटे, ड्यूटीच्या आधी, देवीच्या टेकरीची प्रदक्षिणा.

हे लगेच तयार झाले. तिथेच मला शंका आली. सोबतीला यांच्याच खात्यातले अरविंद आणि शेजारचे म्हातारे भैयासाहेब. तिघं खुशीत जायचे आणि त्याहून खुशीत परत यायचे. चौथ्या दिवशी मी यांचा स्वेटर घडी करायला घेतला, तर त्याला जीरावणाचा वास. पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला. टेकरीच्या वळणावर पोह्यांचा ठेला आहे, हे सगळ्या देवासला माहीत आहे.

मागावर जायचं ठरवलं. पण सासूबाईंना काय सांगणार? म्हटलं, "आई, यांच्या तब्येतीसाठी देवीला नवस बोललेय. रोज पहाटे प्रदक्षिणा."

मला वाटलं, मान हलवतील. त्यांचे डोळेच भरून आले.

"मग नीट कर. अनवाणी जायचं. दर्शन होईपर्यंत मौन. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कुणाला शिवायचं नाही. नवसात मौन मोडलं तर ते नवऱ्याला भोवतं हो."

त्यांनी ट्रंकेतून आपली सोवळ्याची लोकरी धाबळी काढली, पांढरीफटक, डांबरगोळ्यांच्या वासाची, आणि मला डोक्यापासून गुंडाळली. कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. किमयाला कुशीत घेऊन म्हणाल्या, "ही माझ्यापाशी राहील. जा."

आरशात पाहिलं तेव्हा मीच एक पाऊल मागे सरले.

बाहेर धुकं असं होतं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. टेकरीवरची घंटा कुठून वाजतेय कळत नव्हतं. तिघांची बोलणी पुढून येत होती, माणसं दिसत नव्हती. माझ्या पावलांचा आवाज मलाच येत नव्हता. ठेल्याचा कंदील जवळ आला तशी पुढची चाल मंदावली. मी थांबले. धुकं जरा विरलं, आणि अरविंद सहज मागे वळले.

"भिया... वहाँ कौन खड़ा है?"

आता मी बोलणार कशी? मौन होतं. भुताखेतांवर, नवससायासांवर माझा काडीचा विश्वास नाही, पण 'नवऱ्याला भोवतं' हे वाक्य डोक्यात बसलं होतं.

"कोण आहे?" भैयासाहेबांचा आवाज चिरका झाला. "बोला ना, बाई."

मी नुसती बघत राहिले. तिघांनी पोह्यांकडे पाठ फिरवली आणि जे सुटले, ते थेट घराच्या दिशेनं. मी मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी फळ.

रोज तेच. फिरायला नाही म्हणायची यांची माझ्यापुढे छाती नव्हती. मी काही अंतर ठेवून मागे, ते पुढे, ठेला ओलांडून. चाल दिवसेंदिवस वाढत गेली. पँटला पट्टा लागू लागला. पण यांचा चेहरा मात्र उतरला. भांडं पडलं तरी दचकायचे. दंडाला काळा दोरा आला.

"छातीत दुखतंय का?" मी विचारायची.

"नाही."

"मग झालंय काय?"

"काही नाही म्हटलं ना."

आणि एका दुपारी भाजीवाली ओट्यावर बसून सासूबाईंना सांगू लागली, "माँजी, टेकरी पे एक औरत निकली है. ताड़ जैसी लंबी, माथा फटा हुआ, पाँव जमीन से ऊपर. जिसका टाइम आ गया, उसी के पीछे चलती है."

माझ्या हातातली मेथी गळून पडली. ताडासारखी उंच, फुटकं कपाळ, अधांतरी पाय! ती मी असेन, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मला दिसली ती बैठकीतली खुर्ची.

दुसऱ्या दिवशी मी यांच्या अगदी मागे राहायचं ठरवलं. काही झालंच तर हात धरता यावा. धुकं त्या दिवशी सर्वांत दाट. मी चाल वाढवली, त्यांनी वाढवली. आणि तेव्हा मला माझ्या मागे ऐकू आलं. जोडव्यांचा आवाज. दगडावर, टक, टक. मी थांबले, तो थांबला. मी निघाले, तो निघाला. मी मात्र अनवाणी, आणि जोडवी मौनात वाजू नयेत म्हणून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवलेली.

माझं मौन तिथेच सुटलं.

"अहो! अहो, थांबा ना!"

हे थांबतील? जी बाई वेळ भरलेल्याच्या मागे लागते, ती आपल्याला 'अहो' म्हणतेय, हे ऐकून त्यांनी अशी धूम ठोकली की अरविंद आणि भैयासाहेब दोन बाजूंना उडाले. टेकरीच्या पायऱ्या एका दमात. ज्या माणसाला आमच्या घराचा जिना चढताना मध्ये उभं राहावं लागे, तो थेट देवीच्या गाभाऱ्याबाहेरच्या खांबाला मिठी मारून बसला. मागून मी पोचले, धापा टाकत.

त्यांनी डोळे उघडले. धाबळी पाहिली. मळवट पाहिला.

"कल्पना?"

"जीरावणाचा वास येत होता," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ हसले. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. ठोके जोरात होते, पण एकसारखे.

संक्रांतीनंतर शिबिर पुन्हा लागलं. टेप पुरला, वर थोडा उरलाही. साखर, बीपी, चरबी, सगळा गिरोह पांगला होता. "क्या किया आपने?" डॉक्टरांनी विचारलं. हे म्हणाले, "माताजी की कृपा."

घरी परतताना हे सहज म्हणाले, "पण एक सांग. पांढरी बाई तू होतीस, कळलं. रोज तुझ्यामागून चालायची ती कोण? हिरव्या लुगड्यातली."

"आई असतील."

"आई? किमयाला सोडून?"

मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या, मानही वर केली नाही. "नवसाची बाई एकटी कशी चालेल? टेकरीवरची ती सोबत करतेच. बी.एस्सी.ला शिकवलं नाही वाटतं?"

आता मी यांच्या मागे चालत नाही. तिघांच्याही पुढे चालते, भराभर. पोह्यांचं नाव कुणी काढत नाही. माझ्या पोटाचा घेरही उतरलाय, आणि मौन पाळायला आता नवस बोलावा लागत नाही. जोडव्यांची ती टक-टक आठवली की पुरे.