कोचावर पडण्याची रीत

"आज असा पडणार आहे मी, की नोकरी पक्कीच!" कोशकार ऐटीत म्हणाला.

"पडायला तालीम कशाला? परवा न्हाणीघरात एका झटक्यात जमलं की तुम्हाला!" बायको म्हणाली.

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत तो हंगामी होता. तिथली रीत जगावेगळी. क्रियापदाचा अर्थ लिहिणाऱ्याने ते करून दाखवायचं. टायपिस्टबाईंनी ओळखलं, तरच अर्थ छापायचा. 'किंचाळणे'च्या दिवशी तर वरच्या मजल्यावरून पोलिसांना फोन गेला होता!

आज त्याच्या वाट्याला 'स्वून' आलं होतं. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतलं क्रियापद. नुसतं बेशुद्ध पडणं नव्हे! नायक दारात दिसला की नायिका "आह!" म्हणते, मनगट कपाळाला लावते आणि शुद्ध हरपता हरपता, कोच कुठे आहे ते नीट बघून त्यावर अलगद पडते. हे साधलं तर कायम नेमणूक. नाही तर महिनाअखेरीस नारळ.

बायको आत गेली. त्याने दाराकडे पाहिलं, "आह!" म्हटलं आणि ओल्या टॉवेलासारखा कोचावर पसरला.

नेमक्या त्याच वेळी दारात सासूबाई!

"अगं बाई! जावईबापू गेले!"

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर चप्पल न घालता धावत आले. त्यांनी छातीला नळी लावली.

"अहो, मी सराव करत होतो!"

"बडबड सुरू झाली," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "हलू देऊ नका."

सासूबाईंनी त्याचे पाय धरले, बायकोने वारा घालायला घेतलं. सासूबाईंनी कचेरीला फोन तर आधीच केला होता. थोड्याच वेळात टायपिस्टबाईंना घेऊन मुख्य संपादक हजर! साहेब दारात दिसताच त्याला नोकरी आठवली. मनगट आपोआप कपाळाला गेलं. "आह!"

"स्वून!" टायपिस्टबाई ओरडल्या. "शंकाच नको, साहेब!"

"वा! कोच, उसासा, वारा घालणारी माणसं! काहीच राहिलं नाही," संपादकांनी टाळीच वाजवली. "तुमची नेमणूक कायम! फक्त प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, की झालं."

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"दाखला? यांना?" डॉक्टर म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत मूर्च्छा आली की हो!"

"ती खोटी होती!" कोशकार ताडकन उठून उभा राहिला.

"खोटी? इतकी हुबेहूब? मग तर दुखणं डोक्याचं आहे."

"मग नेमणूक कशी करायची?" संपादक हळहळले.

ते ऐकलं मात्र, कोशकाराचे डोळे पांढरे झाले. मनगट नाही, उसासा नाही, कोच हातभर अंतरावर असून त्याच्याकडे पाहणंही नाही. ओंडक्यासारखा धाडकन तो फरशीवर आला!

टायपिस्टबाईंनी वाकून पाहिलं. "साहेब, हे 'कोलॅप्स'."

"उगाच त्रास घेतला बिचाऱ्याने," संपादक म्हणाले. "ते पहिल्या खंडातच छापून झालंय."