देवस्थळी काकांची उडी

गेलं वर्षभर माझ्या घराची बेल सकाळी बरोबर सातला वाजायची. दार उघडलं की समोरच्या फ्लॅटमधले देवस्थळी काका मनगट पुढे करून उभे. "सेकंद काटा बघू." माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात कंगवा आणि साडेसातला कोपऱ्यावर हिंजवडीची कंपनीची बस. पण घड्याळाला घड्याळ जुळल्याशिवाय काका उंबऱ्यावरून हलायचे नाहीत.

घड्याळं जुळली की पाच पावलांवरच्या आपल्या घरात जायचे, दार लावून घ्यायचे आणि मग वॉकीटॉकीवरून मला निरोप द्यायचे. "आज दोडक्याची... उडी." 'उडी' म्हटलं की चॅनल बदलायचं. कुठलं, ते घड्याळातली वेळ बघून त्यांनी दिलेल्या कार्डावर शोधायचं. "...भाजी करतोय. मिळालं का?" मी म्हणायचं, मिळालं. नाही म्हटलं तर दोडका पुन्हा पहिल्यापासून.

मी एकदा म्हटलं, काका, आत्ता दारात होतात तेव्हाच सांगायचं ना. तर म्हणाले, "भिंतीलाही कान असतात, शुभांगी. आणि हवेत सोडलेलं बोलणं सगळ्यांचं असतं." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आयुष्यभर लष्करासाठी वायरलेस सेट बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली. तिथे नेमकं काय करायचात, असं विचारलं की "ते सांगता येणार नाही." निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी नाही. लग्न केलं नाही. का, विचारलं तर "दोन टोकं जुळली नाहीत."

खरं सांगायचं तर हा धोंडा मी स्वतःच पायावर पाडून घेतला होता. येरवड्यातली आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर जगते आणि सेक्रेटरी मी. गेटवरचा वॉचमन गायकवाड आणि गच्चीवरचा माणूस यांच्यासाठी आम्ही दोन वॉकीटॉकी घेतले. शेजारच्या सोसायटीनेही तसलेच घेतले. आमचा गायकवाड 'टँकर वळला' म्हणाला, की ते तिकडे ऐकू जायचं. त्यांची दोन माणसं वळणावर उभी राहून टँकर आपल्याच गेटात घ्यायची. असं दोनदा झालं. मी वैतागून काकांकडे गेले.

काकांनी मला मंडईचं उदाहरण दिलं. एकाच गाळ्यावर उभं राहून बोललात तर शेजारचा सगळं ऐकणार. एक शब्द या गाळ्यावर, दुसरा त्या गाळ्यावर बोला, त्याला काय कपाळ कळणार? तसंच दर दहा सेकंदांनी चॅनल बदलायचं. दोन्ही टोकांकडे एकच कार्ड आणि एकच वेळ हवी, बस. नियम एकच, चॅनलचा आकडा हवेत कधीही उच्चारायचा नाही. एकदा मी गोंधळून सेटवरच विचारलं, "काका, कितीवर येऊ?" दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

पण गुण गायलाच हवेत. महिनाभर एकही टँकर चुकला नाही. शेजारचा वॉचमन येऊन गायकवाडला विचारून गेला, तुमचे सेट बिघडले का हो? काकांनी त्या दिवशी मला स्वतः केलेला शिरा दिला. आणि त्या आनंदात स्वतःसाठी एक सेट विकत आणला आणि माझ्यासाठीही एक, सेक्रेटरीकडे असायला हवा म्हणून. तिथून माझ्या सकाळी नासल्या.

मग यंदाच्या उन्हाळ्यात गायकवाडचं घड्याळ एक मिनिट मागे पडलं. गच्चीवरचा माणूस 'टाकी भरली, पंप बंद करा' म्हणून ओरडतोय आणि गायकवाड भलत्याच चॅनलवर कान लावून शांत बसलेला. पाणी जिन्यावरून थेट माझ्या पायपुसण्यापर्यंत आलं. मीटिंगमध्ये सगळे काकांवर तुटून पडले. ते एवढंच म्हणत राहिले, की घड्याळ चुकलं, पद्धत नाही. कुणी ऐकलं नाही. ठरलं, की यापुढे सरळ मोबाईलवर बोलायचं.

माझा सेट आणि कार्ड परत द्यायला मी गेले. डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, "काका, तुमच्या दोडक्याची बातमी चोरून ऐकायला बसलंय कोण?"

त्यांनी सेट घेतला, पंच्याने पुसला आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस बेल वाजली नाही. मी चहा बसून प्यायले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. फक्त सात वाजले की कप हातात धरून उगाच दाराकडे बघत होते.

नवव्या दिवशी बसला निघाले तर गायकवाडने केबिनमधून हाक मारली. गेटचा जुना सेट त्याने करमणुकीला चालू ठेवला होता. म्हणाला, "मॅडम, काका रोज बोलतात यावर. पण आता उडी नाही मारत. एकाच चॅनलवर असतात."

मी आत गेले. खरखर आणि त्यात काकांचा आवाज. "आज भेंडी. मिळालं का?" मग पुन्हा, "भेंडी करतोय. मिळालं का?" कार्ड नाही, घड्याळ नाही. ज्याला हवं त्याने ऐकावं, असं सगळं उघड्यावर ठेवून हा माणूस आठ दिवस एका जागी थांबला होता. कुणीतरी चोरून ऐकावं म्हणून. मला माझ्या त्या वाक्याची इतकी लाज वाटली की गायकवाडकडे बघवेना.

बाहेर बसने हॉर्न दिला. मी सेट उचलला.

"मिळालं, काका."

मग, "किती वाजले तुमच्यात?"

"सात एकोणतीस."

"एक मिनिट मागे आहात."

"हो. जुळवते."

"बरं. उडी."

बस निघून गेली. माझ्याकडे कार्ड नव्हतं. नियम माहीत असूनही मी विचारलं, "काका, कितीवर येऊ?"

आणि देवस्थळी काका, अख्ख्या येरवड्याला ऐकू जाईल असं, सावकाश म्हणाले, "तीनवर ये."