दुसरं टोक

धनुष्याचं दुसरं टोक वाफेवर धरून मोजपट्टी घड्याळाकडे बघत होते. चाळीस मिनिटांतली एकतीस झाली होती. मोजपट्टी हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. जमीन मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढल्यावर लोकांनी ते चिकटवलं होतं, आणि निवृत्तीनंतर कचेरी सुटली तरी ते सुटलं नव्हतं. बायकोसुद्धा रागावली की त्यांना याच नावानं हाक मारायची.

निवृत्तीनंतर त्यांनी बासरी आणली आणि महिन्याभरात कपाटावर टाकली. मग चित्रकला झाली. मग मधमाश्या पाळायचा विचार झाला, तो सुदैवानं विचारावरच थांबला. बायको काही बोलायची नाही, पण काही न बोलता ती शिवणयंत्र जरा जोरात चालवायची, ते त्यांना बरोबर कळायचं. धनुष्य मात्र पाच महिने टिकलं होतं. कोपऱ्यावरच्या सुतारमिस्त्रींनी तुतीचा एक सरळ दांडा दिला होता. तो तासून, घासून, रोज थोडाथोडा ताणून त्यांनी दोन्ही बाजू सारख्या वाकवत आणल्या होत्या. राहिली होती फक्त टोकं. बाण जातो त्या दिशेला ती जराशी वळवायची, म्हणजे धनुष्याला जोर येतो.

"चाळीस मिनिटं वाफ द्यायची," मिस्त्रींनी बजावलं होतं, "आणि मग दहा सेकंदांच्या आत साच्यावर दाबून शिकंजे आवळायचे. तेवढाच वेळ लाकूड ऐकतं, साहेब. नंतर ते आपलं ऐकत नाही."

पहिलं टोक आदल्या आठवड्यात झकास वळलं होतं. आज दुसरं. बायको अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली होती. तिचं कापड बेतायचं टेबल ही घरातली एकमेव न हलणारी वस्तू, म्हणून साचा तिथंच आवळलेला होता. दहा सेकंदांत स्वयंपाकघरातून इथवर धावणं साठीनंतर शक्य नव्हतं, तेव्हा विजेची शेगडी आणि मोठं पातेलंही पुढच्या खोलीत आलं होतं. टोकाला ओलं फडकं घट्ट गुंडाळलं होतं. वाफेनं भिंतीवरचे शिवणाचे कागदी नमुने एकेक करून गुंडाळून बसत होते, पण त्याकडे बघायला सवड कुणाला होती!

चाळीस झाली. त्यांनी धनुष्य उचललं, गादी पालटावी तसं पालटलं, टोक साच्यावर दाबलं आणि एक, दोन, तीन करत शिकंजे आवळले. आठ सेकंद! बोट भाजलं होतं, पण चौतीस वर्षांत एखादं काम वेळेआधी झाल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ते खुर्चीत टेकले.

टेकल्यावर लक्षात आलं की हे उद्या सकाळपर्यंत असंच ठेवायचं आहे. टेबलाच्या कडेपासून निघालेलं साडेपाच फुटी धनुष्य खोली ओलांडून थेट दारासमोर पोचलं होतं.

आणि दार उघडलं. आत आल्या त्या मुख्याध्यापिका बाई, बायकोकडे शिवायला टाकलेल्या कोटाचं माप बघायला. उद्या शाळेत बक्षीस समारंभ होता.

"अरे वा, नवीन दांडी केलीत?" असं म्हणत बाईंनी खाली वाकून हातातली पिशवी आणि ओली छत्री धनुष्यावर अडकवली.

"अहो, ती दांडी नाही..."

"सोयीची आहे हो. फक्त जरा उंच हवी होती."

पिशवी काढा म्हणायचा धीर त्यांना होईना. तेवढ्यात बायको आली. तिनं शेगडी पाहिली, गुंडाळलेले नमुने पाहिले, टेबल पाहिलं.

"मोजपट्टी," ती शांतपणे म्हणाली, "अस्तर मी कशावर कापू? तुमच्या पाठीवर?"

"उद्या सकाळपर्यंत कळ काढ ना. आत्ता सोडलं तर टोक सरळ होईल. पाच महिने गेलेत गं."

ती टेबलाशी आली. मान तिरकी करून धनुष्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिली. असं ती फक्त शिवलेल्या कपड्याकडे बघायची.

"हे असंच असतं का? एक कॉलर वर आणि एक खाली?"

मोजपट्टी उठले. त्यांनी पाहिलं. वरच्या बाजूवर त्यांनी पेन्सिलीनं 'वर' असं लिहिलं होतं, अगदी टोकाला. त्यावरच त्यांनी फडकं गुंडाळलं होतं.

मिस्त्रींना फोन लावला. "उलटं?" पलीकडून मिस्त्रींनी विचारलं. "पुन्हा वाफ देऊन बघा. पण तंतू फाटले तर संपलं, साहेब."

फोन ठेवून ते बसून राहिले. हात गुडघ्यांवर होते आणि काय करायचं ते त्या हातांना कळत नव्हतं. बायकोनं हे पाहिलं. बासरीच्या वेळी ते असे बसले नव्हते.

"उठा," ती म्हणाली. "उलटी दाबलेली कॉलर मी फेकून देते का? वाफ परत द्यायची. पण घाई करायची नाही आणि घड्याळ बघायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"हाताला कळतं. पातेलं धरा तुम्ही. आणि बोलू नका."

त्यांनी पातेलं धरलं. मुख्याध्यापिका बाईंनी पिशवी काढून घेतली आणि आपण होऊन दोन शिकंजे हातात घेऊन उभ्या राहिल्या. बायकोनं जाड कापडातून लाकूड चाचपलं, पुन्हा चाचपलं, मग धनुष्य सुलटं करून साच्यावर टेकवलं. ती दाबत नव्हती, नुसती हात फिरवत वजन टाकत होती, आणि लाकूड निमूट खाली जात होतं. तंतू तडकल्याचा आवाज आला नाही. बाईंनी पुढे केलेले शिकंजे तिनं एकेक करून आवळले. नंतर अस्तर जमिनीवर पसरून कापलं गेलं, बाईंनी स्वतः कोपरे धरले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. खिडकीपाशी धनुष्य धरून त्यांनी दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला.

"हे टोक बरं आहे," ते म्हणाले. "पण हे! साहेब, याला म्हणतात हात. शिकलात की तुम्ही!"

मोजपट्टींच्या तोंडाशी 'हो' आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ते हिनं केलंय."

मिस्त्रींनी शिवणयंत्राकडे पाहिलं. "वहिनी, माझ्याकडे बारा खुर्च्यांच्या पाठी वाकवायच्या आहेत. याल का?"

"मला कुठला वेळ?" यंत्र न थांबवता ती म्हणाली. "यांना घेऊन जा. पातेलं छान धरतात."

मोजपट्टी चपला घालायला लागलेसुद्धा होते.